हेदोंगचा सिंह: गर्जना की नाद?

प्रश्न असा आहे: २००२ साली आलेल्या एका हाँगकाँगच्या चित्रपटाचा मराठीत परिचय लिहायचा आहे. इंग्रजी नाव 'द लायन रोअर्स', चिनी नावाचा शब्दशः अर्थ 'माझ्या घरी हेदोंगचा सिंह आहे'. गोष्ट मात्र नवरा-बायकोची, प्रेमाची आणि विनोदाची. मग हा सिंह कोण? आणि शीर्षकासाठी 'सिंहगर्जना' चालेल का?

सिंह म्हणजे बायको. 'हेदोंगचा सिंह गरजला' असं चिनी माणूस म्हणतो तेव्हा कुणाच्या तरी घरी बायको नवऱ्यावर कडाडलेली असते. हा वाक्प्रचार नऊशेहून अधिक वर्षं जुना आहे आणि तो एका कवितेतून आला.

कवी सू दोंगपो (१०३७–११०१). कवितांमधून सरकारी धोरणांवर टीका केली म्हणून १०७९ मध्ये त्याला अटक झाली आणि पुढच्या वर्षी यांगत्सेकाठच्या हुआंगचौला त्याची रवानगी झाली. तिथे जवळच त्याचा जुना मित्र चेन जिचांग राहत होता. चेन बौद्ध उपासक. पुढे सू दोंगपोने एका कवितेत त्याची थट्टा केली. तिचा आशय असा: या उपासकाची कीव येते, 'शून्य' आणि 'सत्' यांवर बोलत तो रात्ररात्र झोपत नाही, तेवढ्यात हेदोंगच्या सिंहाचा आवाज कानी पडतो, हातातली काठी गळून पडते आणि तो भांबावून जातो. हेदोंग म्हणजे 'नदीच्या पूर्वेचा' प्रदेश. ही नदी पीत नदी. ल्यू आडनावाचं प्रतिष्ठित घराणं मूळ तिथलं, आणि चेनच्या बायकोचं माहेरचं आडनाव ल्यू. बाराव्या शतकातल्या होंग माय या विद्वानाने हा संदर्भ उलगडून लिहून ठेवला, म्हणून आज तो आपल्यापर्यंत पोचतो.

आता खरा मुद्दा. कवितेतला मूळ शब्द आहे 'शी-त्झ-होउ', आणि हा शब्द चिनी भाषेत आला तो बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांतून. तो आपल्या 'सिंहनाद' शब्दाचा थेट चिनी तर्जुमा आहे. बुद्धाने निर्भयपणे सांगितलेला धर्म म्हणजे सिंहनाद, पालीत 'सीहनाद'. मज्झिमनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात या नावाची दोन सुत्तं आहेत, चूळसीहनाद आणि महासीहनाद. सिंह चीनमधला प्राणीच नव्हे. त्याची प्रतिमा तिथे रुजवण्यात बौद्ध धर्माचा वाटा फार मोठा. सू दोंगपोने केलेली थट्टा समजायला हे ध्यानात घ्यायला हवं. रात्रभर धर्मचर्चा करणाऱ्या उपासकाच्या कानी जो सिंहनाद पडायचा तो बुद्धवचनाचा. पडला तो बायकोचा. थट्टेची सगळी गंमत या एका पवित्र शब्दावर उभी आहे.

म्हणून माझं उत्तर: 'सिंहनाद' लिहा, 'सिंहगर्जना' नको. 'गर्जना' म्हटलं की उरतो फक्त मोठा आवाज, फार तर सभेतलं भाषण. 'नाद' म्हटलं की शब्दाला त्याचं मूळ वजन येतं. गीतेच्या पहिल्या अध्यायात भीष्म 'सिंहनादं विनद्योच्चैः' शंख फुंकतो, तेव्हा शब्द मराठी वाचकाला परकाही नाही. शिवाय चिनी शब्दात नर-मादी असा भेद नाही आणि 'सिंहनाद' या समासातही तो करावा लागत नाही. 'हेदोंगची सिंहीण' लिहाल तर वेगळीच अडचण येते. आपल्याकडे बाईला वाघीण म्हणणं हे कौतुक आहे. सिंहीणही त्याच अंगाने वाचली जाईल आणि थट्टा हरवेल.

एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. श्रीमाला नावाच्या राणीने केलेल्या धर्मोपदेशाचं एक महायान सूत्र आहे, 'श्रीमालादेवी-सिंहनाद-सूत्र'. गुणभद्र या भारतीय भिक्खूने ते ४३६ साली चिनीत आणलं आणि त्याच्या चिनी शीर्षकात हाच शब्द आहे. म्हणजे सू दोंगपोच्या कवितेआधी सहाशेहून जास्त वर्षं चिनी वाचकाला स्त्रीचा सिंहनाद माहीत होता, आणि तोही आदराचा!

कवितेतून नाटक झालं. मिंग राजवटीच्या काळात (१३६८–१६४४) वांग तिंगने या नाटककाराने 'सिंहनादाची कथा' लिहिली. बायको नवऱ्याला तळ्याकाठी गुडघे टेकून बसायची शिक्षा करते आणि मध्यस्थीला आलेल्या सू दोंगपोलाही सुनावते, हा प्रवेश कुन्छू या जुन्या चिनी संगीत नाट्यप्रकारात आजही होतो. विसाव्या शतकात हाँगकाँगचे नाटककार तोंग तिक-सांग (१९१७–१९५९) यांनी ही कथा कँटोनीज रंगभूमीसाठी लिहिली. यम किम-फाय आणि पाक सुएत-सिन या जोडीने ती गाजवली आणि १९५९ मध्ये तिचा चित्रपटही झाला. यम किम-फाय या पुरुषभूमिका करणाऱ्या अभिनेत्री. बायकोपुढे गुडघे टेकणारा नवराही त्यांनीच रंगवला. २००२ चा चित्रपट याच परंपरेतला. दिग्दर्शक जो मा, नायिका सेसिलिया चेउंग, नायक लुई कू. यात नायिका नवऱ्याला अटी घालते: यापुढे प्रेम माझ्या एकटीवर करायचं, फसवायचं नाही, दिलेला शब्द पाळायचा. हे संवाद चिनी प्रेक्षकांना तोंडपाठ झाले. ज्या शब्दाने बायकांची शतकानुशतकं चेष्टा झाली, तो इथे तिच्या हक्काच्या मागणीला चिकटला. मला हे वळण फार मोलाचं वाटतं, आणि परिचयात ते जरूर यावं.

नवऱ्यासाठी नेमका शब्द मराठीत तयार आहे: ताटाखालचं मांजर. सिंहाच्या शेजारी तो शोभतोही. बायकोसाठी मात्र 'त्राटिका' वापरू नका. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी शेक्सपिअरच्या नाटकाचं रूपांतर याच नावाने केलं, त्यात बायकोला वठणीवर आणलं जातं. इथली कथा नेमकी उलट आहे. 'कजाग' पुरे.

तुमच्या मसुद्यात 'कँटोनीज संगीतिकेवर आधारित' असं आहे, तिथे 'कँटोनीज संगीत नाटकावर' करा. संगीतिका म्हणजे ऑपेरा, आणि पाश्चात्त्य ऑपेरा ओळखला जातो संगीतकाराच्या नावाने. हे नाटक तोंग तिक-सांग यांचं म्हणून ओळखलं जातं, जसं 'सौभद्र' किर्लोस्करांचं. कँटोनीज आणि मराठी, दोन्ही संगीत नाटकांत गद्य संवाद आहेत, आणि आधीपासून असलेल्या चालींवर पदं रचायची रीतही आहे. तोंग यांच्या दुसऱ्या एका नाटकातलं सर्वांत प्रसिद्ध गाणं पिपा या तंतुवाद्याच्या जुन्या धूनेवर बांधलेलं आहे. कँटोनीज नाव 'युएत-केक' मात्र एकटं देऊ नका. शांघायकडे फुललेल्या शाओशिंग नाट्यप्रकाराचं नावही उच्चारात तंतोतंत हेच आहे. फरक फक्त लिपीतल्या अक्षरात दिसतो आणि देवनागरीत तो दाखवता येत नाही. 'कँटोनीज' हे विशेषण ठेवलंत की घोटाळा होणार नाही.