आधी वही, मग स्कॅनर

प्रश्न: मला आणि माझ्या यजमानांना तरुणपणापासून फोटोग्राफीचा नाद. माशेलचा चिखलकालो, शिगमो, घरची लग्नं, १९८६ साली मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा फेरीबोटीसाठी लागलेल्या रांगा, सगळं रोलवर आहे. यांची नजर आता अधू झाली. मुलगा म्हणतो, स्कॅन करू आणि डबे टाकून देऊ. सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, माशेल

उत्तर: ताई, डबे टाकू देऊ नका. आणि स्कॅनरच्या आधी वही घ्या.

दोघं ओसरीवर बसा. निगेटिव्हची पट्टी कडेने धरून उजेडासमोर करा, दिसेल ते तुम्ही सांगा. कोण, कुठे, कधी हे ते आठवतील. चिखलात लोळणाऱ्या त्या पोरांची नावं तुम्हा दोघांशिवाय कोण सांगणार? पट्टीच्या कडेला फ्रेमचे आकडे छापलेले असतात. त्या क्रमाने गेलात तर अख्खा दिवस उलगडतो. फोटो कुणी काढला तेही लिहा. आमच्या घरी कॅमेरा एकच होता. ज्या फ्रेममध्ये हे दिसतात ती माझी, एवढ्यावरून आमची वाटणी लागली. माझे फोटो ‘त्यांचे’ म्हणून गेलेले मला चालणार नाहीत, तुम्हीही चालवून घेऊ नका.

स्कॅन करताना रंगीत रोल आधी. त्यातले रंग अंधाऱ्या कपाटातही उडतात. कृष्णधवलमधलं चित्र चांदीच्या कणांचं असतं, फिल्म नीट धुतलेली असेल तर ते पुष्कळ टिकतं. ३५ मिमीची फ्रेम २४०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला २४०० ठिपके) घेतली की साधारण पावणेआठ मेगापिक्सेलची फाइल होते, घरच्या छपाईला पुरते.

आपल्याकडचा खरा वैरी पावसाळा. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, दमट हवेत बुरशी तोच खाते. बुरशी दिसली तर पाण्याने पुसू नका, थरच सुटून येईल. कोरड्या दिवसांत पट्ट्या कागदी पाकिटांत घालून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि डबा भिंतीला टेकलेल्या कपाटात नको. चिकट पानांच्या आल्बममधले प्रिंटही सोडवून घ्या, मात्र ओढून नव्हे. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने.

वहीतल्या प्रत्येक नोंदीला रोलचा आणि फ्रेमचा आकडा द्या, आणि मुलाला स्कॅनच्या फाइललाही तोच द्यायला सांगा.