मासे फ्लायवर (हुकवर केस, पिसं, फोम बांधून केलेल्या नकली आमिषावर) झेपावतात पण हुकला अडकत नाहीत. फ्लाय बांधतानाच काही बदलता येतं का?

येतं, आणि आधी स्वतःच्या हाताला दोष देणं थांबवा. ज्याला विचारावं तो म्हणतो स्ट्राइक (मासा आल्यावर लाइनला द्यायचा झटका) उशिरा मारतेस, हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय म्हणून लिहायला बसले.

मला ज्यानं फ्लाय बांधायला शिकवलं त्याचे डिअर हेअरचे, म्हणजे हरणाच्या केसांचे, बास माशासाठीचे बग (पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लाय) दिसायला एकदम देखणे, गोल, भरगच्च. मासा वर यायचा, पाणी उडायचं, बग रिकामाच परत. तो म्हणायचा तुझा हात. एकदा घरी बग व्हाइसमध्ये (हुक पकडायच्या शिकंज्यात) लावून खालून नीट बघितला तर केस गॅपमध्ये, म्हणजे हुकचं टोक आणि दांडी यांच्यातल्या जागेत, एवढे उतरलेले की टोक आणि बॉडी यांच्यात जागाच उरली नव्हती, मग टोक माशाच्या तोंडात घुसणार कुठून? ब्लेडनं पोटाकडचे केस शँकलगत (हुकच्या सरळ दांडीलगत) सपाट कापले, पाठीवरचे तसेच ठेवले. पुढच्या खेपेला तेच तळं, तोच रॉड, तोच हात, आणि मासे अडकायला लागले. तर तो म्हणतो आज मासे भुकेले आहेत! मग त्याचाच न कापलेला बग त्याच्याच लाइनला लावून दिला. परत तेच, मासा येतोय आणि सुटतोय. तरीही त्यानं मान्य केलं नाहीच.

फोमच्या बीटलचंही (भुंग्यासारख्या फ्लायचंही) असंच होतं, फोम शँकच्या वरच राहिला पाहिजे. छोट्या हुकवर, म्हणजे १६-१८ नंबरवर, मोठा बीड (मणी) घातला की गॅप खल्लास.

टेस्ट घरीच करा. फ्लाय स्पंजच्या घडीत धरून टिपेटनं (लाइनच्या टोकाच्या बारीक दोऱ्यानं) ओढायची, टोक स्पंजात रुतलं तर ठीक, नुसतीच सरकून बाहेर आली तर गॅप भरलाय. टोक नखावर हलकंच ओढून बघा, घसरलं तर बोथट आहे, दगडावर घासा नाहीतर हुक फेकून द्या. व्हाइसच्या जबड्यात टोक कधीच दाबू नका, तिथेच खराब होतं. आणि बादलीत ओढून बघाच, क्लाउझर नावाच्या फ्लायचे डंबेल डोळे (डंबेलच्या आकाराचे वजनदार डोळे) जरा जरी तिरके बसले तरी ती आडवी पोहते, टोक वर राहत नाही.

मासे नुसती शेपटीच ओढत असतील तर शेपटीचं मॅराबू (मऊ पिसं) आखूड करा, कात्रीनं नाही, नखानं चिमटून तोडा म्हणजे टोकं मऊ राहतात.

हां, स्ट्रीमरला (पाण्याखालून ओढायच्या, छोट्या माशासारख्या फ्लायला) रॉड वर उचलून स्ट्राइक मारत असाल तर तेवढं मात्र हाताचंच आहे, तिथे रॉड खालीच ठेवून लाइन हातानं खेचायची. बारीक मासे टोचा मारत असले तरी फ्लायचा काही दोष नाही. पण पृष्ठभागावरच्या बगला हात जबाबदार म्हणणाऱ्यानं आधी स्वतःचा बग उलटा करून बघावा. तुम्ही फ्लाय कुठली ते लिहिलंच नाहीत, केसांची किंवा फोमची असेल तर आज पोट कापून बघा.