रेडोंडा बेटाचा खरा राजा नक्की कोण?

खरा असा कोणीच नाही, म्हणूनच तर मजा आहे. कॅरिबियनमधला हा जेमतेम दीड-दोन किलोमीटर लांबीचा उभा खडक, माणूस एकही राहत नाही, पाणी नाही, एकेकाळी नुसती पक्ष्यांची विष्ठा खतासाठी खणायचे तिथे. कायद्याने बेट अँटिग्वा आणि बार्बुडाचं, त्यामुळे राजा झालात तरी सातबारा काही तुमच्या नावावर होत नाही 😄

सुरुवात झाली लेखक एम. पी. शील यांच्यापासून, त्यांचं म्हणणं की १८८० मध्ये, पंधराव्या वर्षी, वडिलांनी त्यांना तिथला राजा केलं (खरंखोटं देव जाणे, पुरावा असा काही नाही). १९४७ला ते गेले आणि गादी आली कवी जॉन गॉसवर्थकडे, आणि तिथेच सगळा घोळ झाला कारण हा माणूस दारूत बुडालेला, खिशात पैसे नाहीत, मग लंडनच्या पबमध्ये बसून कुणाला ड्यूक कर, कुणाला गादीच देऊन टाक. एकच फ्लॅट चौघांना विकणारा बिल्डर असतो ना, अगदी तसं.

तो १९७०ला गेल्यावर दावेदार निघाले नसते तरच नवल. त्यातले स्पॅनिश कादंबरीकार हाविएर मारियास यांना १९९७ मध्ये आधीच्या 'राजा'ने, म्हणजे जॉन विन-टायसनने, पद सोडून गादी दिली. तिकडे अँटिग्वात बॉब विल्यमसन स्वतःला 'टकला राजा बॉब' म्हणवून घ्यायचा, मला तोच जास्त आवडतो. मारियासही २०२२ मध्ये गेले.