नळाचं पाणी जड आहे, टीडीएस मीटर ७०० दाखवतो. आरओ बसवावा की सॉफ्टनर?

तुम्ही लिहिलंय की गाव छोटं, पाणी एक दिवसाआड येतं, नळांच्या तोंडाला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही, आणि विक्रेता म्हणतो की आरओ, म्हणजे अगदी बारीक पडद्यातून पाणी गाळणारं यंत्र, बसवला की सगळं सुटेल. सगळं सुटणार नाही. फेस आणि थराचा त्रास न्हाणीघरात आहे, आरओ स्वयंपाकघरात बसणार.

आधी त्या ७०० बद्दल. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्याला ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतो. त्यात कॅल्शियम किती, मॅग्नेशियम किती, साधं मीठ किती, हे त्याला कळत नाही. पाणी जड होतं ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. म्हणून चांगला चालणारा सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र, बसवल्यावरही मीटरचा आकडा जवळजवळ तोच राहतो: कॅल्शियम गेलं, त्याच्या जागी सोडियम आलं. पुष्कळ लोक इथेच 'मशीन खराब निघालं' म्हणून भांडायला जातात.

जडपणा मोजायला थेंबांचं किट घ्या. बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून खुणेपर्यंत भरा, बफर (किटमधलं पहिलं द्रावण) घाला, मग रंगाचं द्रावण किंवा पूड. पाणी जांभूळसर लाल होईल. आता तिसऱ्या बाटलीतलं द्रावण थेंबथेंब टाका, प्रत्येक थेंबाला बाटली गोल फिरवा आणि थेंब मोजत राहा. मागे पांढरा कागद धरा. बहुतेकांची चूक शेवटच्या दोन-तीन थेंबांत होते: जांभळा रंग दिसला की थांबतात. लालसर छटा पूर्ण जाऊन स्वच्छ निळा रंग यायला हवा. थेंबांना किटवर दिलेल्या आकड्याने गुणलं की मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये जडपणा मिळतो. ६० पर्यंत पाणी मऊ, १२० च्या वर जड, १८० च्या वर फारच जड, अशी ढोबळ वर्गवारी आहे.

मग हेच पाणी १ लिटर घेऊन १० मिनिटं उकळा, थंड करा, जाड फडक्यातून गाळा आणि पुन्हा मोजा. उकळताना जेवढं पाणी उडालं तेवढं डिस्टिल्ड वॉटर घालून १ लिटर पुरं करायला विसरू नका, नाहीतर आकडा फुगतो. दोन मोजण्यांमधला फरक म्हणजे बायकार्बोनेटचा, तात्पुरता जडपणा. गिझरमध्ये साचतो तो हाच. उरलेला सल्फेट-क्लोराइडचा, तो उकळून जात नाही. तुरटीने यातला कुठलाच जात नाही, तिचं काम फक्त गढूळपणापुरतं. पाइपला बाहेरून लावायच्या लोहचुंबकावर मी एक पैसाही घालणार नाही. आधी आणि नंतर किटने मोजा, थेंब तितकेच लागतात.

पिण्याचा प्रश्न वेगळा आहे. जडपणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या आधारावर मर्यादाच घातलेली नाही. फ्लोराइडला आहे, १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर, आणि नायट्रेटला ५०. हे दोन्ही दिसत नाहीत, चवीला कळत नाहीत, आणि उकळल्यावर कमी न होता थोडे वाढतातच, कारण पाणी आटतं. योजनेत बोअरचं पाणी येत असेल तर प्रयोगशाळेतून एकदा उन्हाळ्याच्या शेवटी आणि एकदा पावसाळ्यात तपासून घ्या. नळ ३ मिनिटं वाहू देऊन मग नमुना भरा. टाकीतलं पाणी देऊ नका, त्यात तुमच्या टाकीचाही गाळ येतो.

एक दिवसाआड पाण्याची खरी भीती मात्र जंतूंची. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होतो, आत दाब राहत नाही, आणि सैल जोडातून बाहेरचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं. नळाला थेट मोटार लावली तर ही ओढ आणखी वाढते. म्हणून पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं ते बादलीत धरून धुण्या-पुसण्याला वापरा, टाकीत सोडू नका. क्लोरीन तपासायची पट्टी नळावर निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर दाखवायला हवी. दोन दिवस टाकीत राहिल्यावर क्लोरीन बहुधा उरलेलं नसतं, तेव्हा पिण्याचं पाणी उकळा. साधा फिल्टर या कामाला पुरेलच असं नाही.

आता सॉफ्टनरचा हिशोब. समजा जडपणा ४०० निघाला आणि घरात रोज ५०० लिटर पाणी लागतं. म्हणजे रोज २०० ग्रॅम जडपणा काढायचा. सॉफ्टनरच्या आत रेझिनचे बारीक मणी असतात, तेच कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात. १ लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम काढतं, तेव्हा १० लिटर रेझिनचं यंत्र अडीच दिवसांत भरेल. दर वेळी ते मिठाच्या पाण्याने धुवायला एक ते दीड किलो मीठ लागतं. हे गणित तुमच्या आकड्यांवर करा आणि मगच यंत्राचा आकार ठरवा. पाण्यात लोह असेल तर रेझिन तांबूस पडून लवकर निकामी होतं, त्यामुळे आधी लोहाचा फिल्टर हवा.

दर १०० मिलिग्रॅम जडपण्यामागे ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं. ४०० ला १८४. म्हणून पिण्याचा नळ आणि बागेची लाइन सॉफ्टनरच्या आधीच फोडून घ्या, आणि यंत्राला बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी यंत्राला वळसा घालून नेणारी तोटी, ठेवा. आरओ मी फक्त दोन कारणांनी घेईन: अहवालात फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त निघालं, नाहीतर पाणी पिववणार नाही इतकं मचूळ आहे. तोही पिण्याच्या नळापुरताच, कारण एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत जातं.

जडपणा दीडशे-दोनशेच निघाला तर यंत्र नको. गिझरचं तापमान ५५ अंशांच्या आसपास ठेवा, ६० च्या वर थर झपाट्याने बसतो. नळाची जाळी आणि शॉवरचं तोंड काढून १ लिटर कोमट पाण्यात ३० ग्रॅम सायट्रिक अॅसिड घालून अर्धा तास बुडवा आणि जुन्या ब्रशने घासा. त्या वेळी जवळपास ब्लीचिंग पावडर वापरू नका. आम्लाशी गाठ पडली की तिच्यातून क्लोरीन वायू सुटतो.