चेंडू पाण्यात पडल्यासारखा का दिसतो?

या वेळी ब्लेंडर या थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधल्या कीफ्रेमबद्दलची पत्रं जास्त आली आहेत. (फ्रेम म्हणजे एक चित्र, आणि कीफ्रेम म्हणजे त्या फ्रेमला वस्तू कुठे, कशी हवी याची आपण केलेली नोंद.) मॉडेलिंग आणि लाइटिंगचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत.

प्रश्न : उसळणारा चेंडू करतोय. दर दोन फ्रेमला कीफ्रेम टाकली आहे, तरी चेंडू पाण्यात पडल्यासारखा तरंगत खाली येतो आणि जमिनीशी अडखळतो. आणखी किती कीफ्रेम टाकू?

उत्तर : एकही नको. आहेत त्यातल्या बहुतेक पुसून टाका आणि एका उसळीला तीनच ठेवा : वर, जमिनीवर, पुन्हा वर. मधल्या फ्रेम भरणं हे सॉफ्टवेअरचं काम. त्या कशा भरायच्या ते ग्राफ एडिटरमधला, म्हणजे वेळेनुसार किंमत कशी बदलते ते दाखवणाऱ्या खिडकीतला, वक्र ठरवतो. शिकणाऱ्यांच्या फाइली माझ्याकडे येतात तेव्हा प्ले दाबायच्या आधी मी ग्राफ एडिटर उघडते. निम्मं दुखणं तिथेच कळतं. दर दोन फ्रेमला कीफ्रेम टाकणं म्हणजे प्रत्येक ठिकाणची उंची अंदाजाने लिहिणं. त्यातली एखादी जराशी चुकली तरी चेंडू तिथे गचका खाणारच.

आता हिशेब. ब्लेंडरमध्ये मुळात सेकंदाला 24 फ्रेम असतात. चेंडू फ्रेम 1 ला सोडला आणि फ्रेम 13 ला जमिनीला लागला, तर मध्ये अर्धा सेकंद गेला. हातातून सुटलेली वस्तू अर्ध्या सेकंदात साधारण 1.2 मीटर पडते. म्हणून फ्रेम 1 ला झेडची (उंचीची) किंमत 1.2 आणि फ्रेम 13 ला शून्य. (चेंडूचा ओरिजिन, म्हणजे ज्या बिंदूवरून त्याची जागा मोजतात तो, त्याच्या तळाशी आणून ठेवा, म्हणजे शून्य म्हणजेच जमीन.) परत वर जाताना तो 85 सेंटिमीटर गेला असं धरू. तेवढ्याला 10 फ्रेम लागतात, म्हणून माथा 23 वर आणि पुन्हा जमीन 33 वर. पुढची उसळी 54 सेंटिमीटरची : माथा 41, जमीन 49. उसळी ठेंगणी होत जाते तशी ती कमी वेळात उरकते, हे विसरू नका. उंची कमी केली आणि वेळ तोच ठेवला, की चेंडू फुग्यासारखा दिसायला लागतो.

आणि आधी चेंडू मोजा! ब्लेंडरमध्ये नवा गोल घेतला की तो 2 मीटर व्यासाचा येतो, माणसापेक्षा उंच. तो 20 सेंटिमीटरवर आणला नसेल, तर वरचे सगळे आकडे बरोबर असूनही डोळ्याला खोटे वाटतील.

आता मूळ दुखणं. ग्राफ एडिटरमध्ये झेड लोकेशनचा वक्र उघडा आणि फ्रेम 13 ची कीफ्रेम निवडा. तिचे दोन्ही हँडल (वक्राला वळण देणाऱ्या दोन बाजूंच्या दांड्या) आडवे पडलेले दिसतील. वक्राचा सर्वांत खालचा बिंदू आला की सॉफ्टवेअर आपणहून वेग शून्यावर आणतं. खरा चेंडू तर जमिनीला लागतानाच सर्वांत जास्त वेगात असतो! तुमचं ‘पाणी’ ते हेच.

यावर बरेच जण व्ही दाबून ‘व्हेक्टर’ (हँडल शेजारच्या कीफ्रेमकडे सरळ रोखणारा पर्याय) निवडायला सांगतात. त्याने थबकणं जातं, पण पडणं बरोबर होत नाही. निम्मा वेळ गेला तेव्हा, म्हणजे फ्रेम 7 ला, चेंडू एकूण उंचीचा फक्त चौथा भाग, 30 सेंटिमीटर, खाली आलेला हवा. व्हेक्टर ठेवलं तर तो 40 च्या पुढे जातो. आकड्यात हा फरक किरकोळ दिसतो, पण पडद्यावर चेंडूचं वजनच जातं. मी असं करते : हँडल ‘फ्री’ करायचं, एन दाबून बाजूची पट्टी उघडायची आणि एफ-कर्व्हच्या टॅबमध्ये सरळ आकडे लिहायचे. फ्रेम 13 च्या डाव्या हँडलला फ्रेम 9, किंमत 0.8. फ्रेम 1 च्या उजव्या हँडलला फ्रेम 5, किंमत 1.2. म्हणजे माथ्याचं हँडल आडवं, लांबी पडण्याच्या वेळेच्या एक तृतीयांश. जमिनीचं हँडलही वेळेत तेवढंच लांब, पण उंचीच्या दोन तृतीयांशावर. एवढं केलं की वक्र नेमका पॅराबोला, म्हणजे खऱ्या पडणाऱ्या वस्तूचा वक्र, होतो. उजवीकडची उसळीही याच मापाने : फ्रेम 13 च्या उजव्या हँडलला फ्रेम 16.3, किंमत 0.57. हे हँडल ज्यांच्या नावाने ओळखले जातात ते पिअर बेझिए रेनो कंपनीत इंजिनिअर होते आणि गाड्यांच्या बॉडीसाठी असे वक्र वापरत होते. तेव्हा आकडे टाकून वक्र काढायला लाजू नका.

प्रश्न : पंखा 0 ते 360 अंश फिरवला आहे. प्रत्येक फेरीच्या शेवटी तो दम खातो. सलग फिरता कसा ठेवू?

उत्तर : इथे कीफ्रेम दोनच आहेत ते ठीक. नको तिथे वेग कमी-जास्त होतोय एवढंच. दोन्ही निवडा, टी दाबा, ‘लिनिअर’ करा. फ्रेम 1 ला 0 आणि फ्रेम 49 ला 360 असेल तर रेंडर 48 पर्यंतच करा, कारण 49 वं चित्र आणि पहिलं चित्र एकच. दोन्ही घेतलीत तर लूपच्या जोडावर पंखा एक फ्रेम थांबतो. लूप नको, नुसतं लांबवर फिरत राहायला हवं असेल तर ग्राफ एडिटरमध्ये शिफ्ट-ई दाबून ‘लिनिअर एक्स्ट्रापोलेशन’ निवडा. नव्या कीफ्रेमची गरज नाही.

अशाच एका पत्रातला पंखा मुळीच हलत नाही. तिथे रोटेशन मोड (फिरणं मोजायची पद्धत) क्वाटर्निअन असणार. त्या पद्धतीत 0 आणि 360 ही एकच स्थिती, मग फिरायला अंतर उरतंच कुठे? मोड ‘एक्सवायझेड ऑयलर’ (प्रत्येक अक्षाचे अंश वेगळे मोजणारा) करून कीफ्रेम नव्याने टाका. आणि पंखा तीन पात्यांचा असेल तर सेकंदाला 8 फेऱ्या नेमक्या टाळा. 24 च्या दराने दर फ्रेमला तो 120 अंश सरकतो, एका पात्याच्या जागी दुसरं पातं येतं आणि पंखा बंद असल्यासारखा दिसतो.

प्रश्न : वस्तू हलवते, टाइमलाइनवर पुढे जाते, परत येते तर वस्तू जुन्या जागी. ऑटो की (बदल केला की आपोआप कीफ्रेम टाकणारं बटण) चालू करू का?

उत्तर : करू नका, निदान सुरुवातीला तरी. ते बटण चालू असलं की कॅमेऱ्याकडून नीट दिसावं म्हणून वस्तू सहज बाजूला सरकवली तरी त्याची कीफ्रेम पडते, आणि ती कुठे पडली ते दोन दिवसांनी शोधत बसावं लागतं. त्यापेक्षा किमतीच्या चौकटीचा रंग बघा. पिवळा म्हणजे या फ्रेमवर कीफ्रेम आहे. हिरवा म्हणजे कीफ्रेम दुसरीकडे आहे. नारिंगी म्हणजे किंमत बदललीत पण नोंदली नाहीत. फ्रेम बदलली की ती गेली. नारिंगी दिसलं की माउस त्या चौकटीवर ठेवून आय दाबा. तिन्ही अक्ष नको असतील तर राइट क्लिक करून ‘इन्सर्ट सिंगल कीफ्रेम’.

प्रश्न : 24 च्या दराने 240 फ्रेमचं काम पूर्ण झालं. आता ग्राहकाला 30 हवेत. नुसता दर बदलला तर सगळं घाईघाईने होतंय.

उत्तर : होणारच. कीफ्रेम सेकंदावर नाही, फ्रेमच्या आकड्यावर बसलेली असते. 240 फ्रेम 24 ने 10 सेकंद चालतात, 30 ने 8. डोप शीटमध्ये (सगळ्या कीफ्रेम वेळेनुसार मांडून दाखवणाऱ्या खिडकीत) सगळ्या कीफ्रेम निवडा, प्लेहेड (चालू फ्रेम दाखवणारी उभी रेघ) फ्रेम 1 वर ठेवा, एस दाबून 1.25 लिहा, शेवटची फ्रेम 300 करा. आता धक्क्याच्या जागा एकेक तपासा. हातोडा खिळ्यावर फ्रेम 20 ला पडत असेल तर तो आता 24.75 वर गेला. 24 ला हातोडा अजून हवेत, 25 ला परत उचललेला, आणि घाव कुठल्याच चित्रात नाही. शिफ्ट-एस मधून ‘सिलेक्शन टु निअरेस्ट फ्रेम’ दिलं की कीफ्रेम 25 वर बसते. आवाज आधीच फ्रेम 1 पासून जोडला असेल तर त्याला हात लावू नका, तो सेकंदावरच चालतो.