जुन्या ट्रॅक्टरला जीपचे इंजिन बसवावे का?

प्रश्न : आमचा एचएमटी ३५११ ट्रॅक्टर जुना आहे. गेल्या हंगामात त्याच्या चेंबरमधील (इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्यातील) ऑइलात पाणी उतरू लागले. मिस्त्रींनी ‘ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा) गेला’ असे सांगून नागपूरहून जुन्या जीपचे ६० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आणून बसवण्याचा सल्ला दिला आहे. ट्रॅक्टर ३५ अश्वशक्तीचा असल्याने ताकद जवळजवळ दुप्पट होईल, असे ते म्हणतात. संत्र्याच्या बागेत ब्लोअरने फवारणी आणि सोयाबीनची मळणी ही आमची मुख्य कामे आहेत. हा बदल करावा का? – एक शेतकरी, काटोल

उत्तर : करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जीपच्या इंजिनाची ६० अश्वशक्ती मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या आसपास मिळते, तर आपल्या ट्रॅक्टरची गिअर पेटी आणि पीटीओ (ब्लोअर, थ्रेशर अशी अवजारे चालवणारा मागचा फिरता शाफ्ट) सुमारे २,००० फेऱ्यांचा हिशेब धरून बनवलेले आहेत. अशा इंजिनाचा पीळ (टॉर्क, म्हणजे शाफ्ट फिरवण्याचा जोर) १२० न्यूटन-मीटर धरला, तर २,००० फेऱ्यांवर त्याच्याकडून जेमतेम ३४ अश्वशक्ती मिळेल, म्हणजे आज आहे तेवढीच. उरलेली ताकद मिळवण्यासाठी इंजिन ४,००० फेऱ्यांवर पळवले, तर ५४० फेऱ्यांचा पीटीओ हजाराच्या वर जाईल आणि ब्लोअरचा पंखा किंवा थ्रेशरचा ड्रम तो वेग सहन करणार नाही. ही केवळ यंत्राच्या नुकसानीची गोष्ट नाही. थ्रेशरच्या तोंडाशी माणसे उभी असतात.

याहून महत्त्वाचा मुद्दा गव्हर्नरचा आहे, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ट्रॅक्टरच्या डिझेल पंपातील गव्हर्नर आपण हातातील लिव्हरने ठरवलेला वेग स्वतःच सांभाळतो. सोयाबीनचा जाड पेंढा थ्रेशरमध्ये गेला की तो डिझेल वाढवतो आणि भार उतरला की लगेच कमी करतो. रस्त्यावरील वाहनांच्या पुष्कळ पंपांत गव्हर्नर फक्त किमान आणि कमाल वेग राखतो, मधला वेग चालकाचा पाय सांभाळतो. मळणीच्या वेळी ट्रॅक्टरवर कोणी बसलेले नसते. त्यामुळे असे इंजिन भार येताच दबते आणि भार सुटताच उसळते, आणि फवारणीतही झाडागणिक औषध सारखे पडत नाही.

तिसरी अडचण सांगाड्याची. आपल्या ट्रॅक्टरला जीपसारखी चेसिस नाही. पुढचा अ‍ॅक्सल, इंजिन, क्लच हाउसिंग आणि गिअर पेटी एकमेकांना बोल्टने जोडलेली असून इंजिन हाच ट्रॅक्टरचा कणा असतो. जीपच्या इंजिनाचे पत्र्याचे चेंबर हे वजन पेलू शकत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी जाड चॅनेलची चौकट करावी लागते. शिवाय जीपच्या रेडिएटरला धावत्या गाडीचा वारा मिळतो. मे महिन्यातील ४५ अंशांच्या उन्हात बैलाच्या चालीने चालणाऱ्या ट्रॅक्टरला तो मिळत नाही.

मिस्त्रींच्या कसबाविषयी मला शंका नाही, परंतु ब्लॉक गेल्याचा निर्णय घाईचा वाटतो. झेटर या चेक कंपनीच्या रचनेवर आधारलेल्या या इंजिनात लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळकांडी) बाहेरून पाण्यात बसलेले असतात आणि त्यांच्या तळाशी रबरी रिंगा असतात. त्या कडक झाल्या की पाणी सरळ चेंबरमध्ये उतरते, आणि लक्षण नेमके आपण लिहिले आहे तेच दिसते. ऑइल काढून चेंबर उतरवावे, रेडिएटर भरून त्याला हलका दाब द्यावा आणि खालून बॅटरीच्या उजेडात पाहावे. थेंब लायनरच्या कडेने येत असतील, तर लायनर काढून रिंगा बदलण्याचे काम आहे. तिथे कोरडे असेल तर हेड आणि गॅसकेट तपासावे. ब्लॉकला खरोखरच तडा दिसला, तर त्याच जातीचे जुने इंजिन शोधावे. एचएमटीचा पिंजोर (हरियाणा) येथील ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला, त्यामुळे शोध घ्यावा लागेल, पण तो जीपच्या खटाटोपापेक्षा स्वस्त पडेल.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. त्याच जातीचे इंजिन बसवतानाही आधी नागपूर ग्रामीण आरटीओची परवानगी घ्यावी आणि नवा इंजिन क्रमांक आरसीवर चढवून घ्यावा. अन्यथा अपघातानंतर विम्याच्या वेळी अडचण येते.

प्रश्न : आम्ही रीतसर परवानगी घेऊन तेवढ्याच ताकदीचे दुसरे ट्रॅक्टर इंजिन बसवले आणि इंजिन आणि गिअर पेटी यांच्या मधली जोडपट्टी लेथवर करून घेतली. दोन महिन्यांत दोन क्लच प्लेटा मध्यभागी फुटल्या. प्लेट बनावट असेल का? – एक वाचक, सावनेर

उत्तर : दोन्ही प्लेटा एकाच जागी फुटल्या असतील, तर संशय जोडपट्टीवर घ्यावा. क्रँक आणि गिअर पेटीचा शाफ्ट एका रेषेत नसले की प्रत्येक फेरीला प्लेटचा मधला भाग वाकतो आणि शेवटी तुटतो. गिअर पेटी मागे सरकवून फ्लायव्हीलवर (इंजिनामागच्या जड चाकावर) डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारे मापक) बसवावे, त्याचे टोक जोडपट्टीच्या मधल्या गोल भोकाला टेकवून फ्लायव्हील हाताने पूर्ण फिरवावे. काटा जितका हलतो त्याच्या निम्मा फरक रेषेत असतो. तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून फारसा जास्त नसावा. बोल्ट पट्टीला धरून ठेवतात, जागेवर आणत नाहीत, म्हणून रेष जुळल्यावर त्याच स्थितीत भोके पाडून दोन डॉवेल पिना (पट्टी नेमक्या जागी राखणाऱ्या घट्ट खुंट्या) ठोकून घ्याव्यात आणि मगच नवी प्लेट टाकावी.