आईचं वय 72. ग्रीन कार्ड करावं की व्हिजिटर व्हिसावर येणं-जाणं पुरे?

ग्रीन कार्डच करा, म्हणजे अमेरिकेत कायम राहायचा परवाना. तुम्ही लिहिलंय की तुम्ही डॅलसला आहात, सिटिझन झालात, आई कोल्हापुरात एकटी राहते आणि बहिणीचं म्हणणं असं की "सहा महिने येऊन राहते ते पुरे, कशाला त्या कागदांच्या मागे लागतोस". नेमकं हेच वाक्य मी माझ्या दादाच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

आई साठीची असेपर्यंत व्हिजिटरवर येणं-जाणं ठीक असतं. सत्तरीनंतर बहुतेक व्हिजिटर इन्शुरन्स जुन्या दुखण्यांना हात लावत नाहीत, आणि त्या वयात बीपी-शुगर दोन्ही नाही अशी आई मी तरी पाहिलेली नाही. सहा महिने संपत आले की तब्येत कशीही असो, बॅगा भरायच्या. मुदतवाढ मागता येते, पण ती मिळेलच असं नाही.

फॉर्म वगैरे तुम्हाला माहीत असणारच. आय-130 (आईशी नातं दाखवणारा अर्ज), मग एनव्हीसी (व्हिसाचे कागद तपासणारं अमेरिकेतलं केंद्र), मग मुंबईला बीकेसीत अमेरिकन वकिलातीत मुलाखत. सिटिझनच्या आईवडिलांना कोट्याची रांग नाही, तरी वर्षाच्या वर वेळ धरून चाला. खरं अडतं ते "ही बाई माझी आई आहे" हे कागदावर दाखवताना.

माझा जन्म आजोळचा, कराडजवळच्या एका गावातला. ग्रामपंचायतीत नोंद घालायला आजोबा गेले आणि आईच्या रकान्यात त्यांनी आपल्या लेकीचं नाव सांगितलं, म्हणजे माहेरचं. आईच्या पासपोर्टवर नाव सासरचं. नुसतं आडनाव बदललेलं असतं तर निभावलं असतं, पण आमच्याकडे लग्नात पहिलं नावही बदललं. आणि 1973 साली खेड्यात लग्नाची नोंदणी कोण करत होतं? त्यामुळे सरकारच्या लेखी माझ्या जन्मदाखल्यावरची बाई वेगळी आणि पासपोर्टवरची वेगळी. व्हायचं तेच झालं, आरएफई आली, म्हणजे आणखी पुरावा मागणारी नोटीस. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा पुरावा द्या.

दादा म्हणाला, "बघ, मी सांगत नव्हतो?" वकील म्हणाला, प्रतिज्ञापत्रं जोडा. मामा ऐंशी ओलांडलेला, तरी एसटीनं तालुक्याला जाऊन स्टॅम्पपेपरवर सही करून आला. त्यानं काम भागेना. ट्रंकेत लग्नपत्रिका सापडली, पण तिच्यावर चि. सौ. कां. म्हणून माहेरचंच नाव. ताटातल्या तांदळावर अंगठीनं काढलेलं नाव पत्रिकेत कुठून असणार?

शेवटी सुटलं ते आईच्या नोकरीमुळे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि लग्नाआधीच नोकरीला लागलेली. तिच्या सर्व्हिस बुकच्या पहिल्या पानावर माहेरचं नाव, त्यावर लाल शाईची आडवी रेघ, खाली सासरचं नाव, शेजारी "विवाहामुळे नावात बदल", तारीख, साहेबांची सही आणि गोल शिक्का. मी ते पान स्कॅन केलं, इंग्रजी भाषांतर जोडलं आणि अर्ज मंजूर झाला. (भाषांतराला नोटरी लागत नाही. आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर बरोबर आहे असं लिहून भाषांतर करणाऱ्यानं सही केली की यूएससीआयएसला, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला, चालतं.) लग्नानंतर नोकरी सोड म्हणून आईच्या मागे लागलेली माणसं आमच्याच घरातली होती. तिनं सोडली नाही. त्या पानाचा मला माझ्या डिग्रीपेक्षा जास्त अभिमान आहे.

तुमच्या आईच्या स्वतःच्या जन्माची नोंद मिळाली नाही तर घाबरू नका. त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा जन्म गुरुजींनी 1 जूनलाच घातलाय. नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला काढा आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला जोडा. अर्ज टाकण्याआधी जन्मदाखला, शाळेचा दाखला, पासपोर्ट, आधार आणि पेन्शनचे कागद शेजारी शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर ताडून बघा.

"व्हिजिटरवर आण आणि इथूनच अर्ज टाक" असं सांगणारे खूप भेटतील. कायमचं राहायचा बेत मनात ठेवून व्हिजिटर व्हिसावर आत शिरणं हे खोटी माहिती देण्यात धरलं जाऊ शकतं. आईला विमानतळावर अधिकाऱ्यासमोर खोटं बोलायला लावू नका.

आता खर्चाचं. आय-864 वर, म्हणजे आईला सांभाळायच्या हमीपत्रावर, सही केलीत की आईची आर्थिक जबाबदारी कायद्यानं तुमची, उत्पन्न गरिबी रेषेच्या 125 टक्क्यांवर दाखवावं लागतं. मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) पहिली पाच वर्षं नाही, त्यानंतरही हप्ते भरून घ्यावं लागतं. तोवर मार्केटप्लेसमधून (सरकारनं चालवलेल्या विमा बाजारातून) इन्शुरन्स घ्या, आल्यापासून 60 दिवसांच्या आत. पेन्शन आणि एफडीचं व्याज अमेरिकेच्या टॅक्स रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. भारतातल्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, वेगळा. हे सगळं जमणार नसेल तर बहिणीचं म्हणणं चूक नाही, एवढं मी मान्य करते.

पण दादा पुढे जे म्हणाला ते मला मान्य नाही. म्हणे, "आईला तिकडे नेऊन डांबलंस." ग्रीन कार्डवाल्याला घरी जायला बंदी नसते. सलग एक वर्षाच्या वर बाहेर राहायचं असेल तर जाण्याआधी री-एन्ट्री परमिट काढायचं, ते दोन वर्षं चालतं. माझी आई दरवर्षी दिवाळीला जाते. हयातीचा दाखला मोबाइलवरून देता येतो, तरी नोव्हेंबरात स्वतः बँकेत जाऊन देते, कारण तिथे तिचे जुने विद्यार्थी भेटतात. मात्र जिला वर्षातले दहा महिने गावीच राहायचंय तिच्यासाठी हे कार्ड नाही. येता-जाता इमिग्रेशनवाला एक दिवस विचारणारच की बाई, तुमचं घर नक्की कुठे?

तुमच्या प्रश्नात बहिणीचं मत आहे, बायकोचं आहे, आईचं कुठेच नाही. आधी तिला विचारा, तेही फोनवर घाईत नको, या खेपेला ती आली की समोर बसून. ती हो म्हणाली की शाळेचा दाखला आणि नोंद नसल्याचा दाखला काढायचं काम बहिणीकडे सोपवा. ती तिथेच आहे, तुमच्यापेक्षा लवकर होईल.